डाव्या-उजव्याची पिशवी

गुडगाव
१२ डिसेंबर

ती. अप्पा,

मोहितचं डोकं तुमच्या पायावर.

तोंड दाखवू नको म्हणालासा, आवाज ऐकवू नको म्हणालासा. कागदाला तोंड न्हाय आणि आवाज न्हाय, म्हणून कागद धाडतोय. वाचून दाखवणार स्नेहलअक्का, म्हणजे आवाज तिचा. तुमचा शब्द कुठं मोडलेला न्हाय. अक्कानं तुमच्या पायाची शपथ घेतलीया ती मला फोन न करण्याची. टपालाचं त्यात काय आलं न्हवतं.

मी येथे सुखरूप आहे. दिल्लीशेजारी गुडगाव म्हणून शहर आहे. तेथे एका मोठ्या मॉलमध्ये इटलीच्या कंपनीचे पिशव्यांचे दुकान आहे. त्या दुकानात मी कामाला आहे. काम बसून आहे. साहेब माझ्यावर खूश आहेत. जेवणाची सोय उत्तम आहे.

थंडी मात्र लई हाय. सकाळी काच पुसताना बोटं वाकत न्हाईत. म्हणजे दुकानाची काच. पुसायला माणसे आहेत, मी उभा राहून पुसून घेतो.

अप्पा, तुमचा गुडघा कसा हाय? चपला शिवायला बसताना खाली पोतं घडी करून घेत जावा. फरशी गार असती.

त्या दिवसाबद्दल काय लिहू. गिऱ्हाइकाच्या पुढ्यात मी ओरडलो, ह्या कातड्याचा वास माझ्या अंगात मुरलाय, मला न्हाय बसायचं हितं, आणि आरी उचलून गटारात टाकली. गिऱ्हाईक चपला न घेता गेलं. तुम्ही मला काय मारलं न्हाय. उठलासा, गटारात हात घालून आरी काढलीसा आणि धोतराला पुसत पुसत म्हणालासा ते म्हणालासा. मारलं असतं तर बरं झालं असतं. हे लिहून खोडणार होतो, पण कागद एकच हाय.

(अक्का, इथनं पुढचं मनात वाच. अप्पांनी विचारलं तर सांग, पोरगं नमस्कार लिहून दमलं.)

अक्का, आपल्या गल्लीतल्या अमरसिंहनं मेसेज टाकलाता, तुझं ठरत आलंय म्हणून. कुरुंदवाडचं पावणं येऊन गेलं, मुलगा पृथ्वीराज, साखर कारखान्याच्या ऑफिसात, आणि त्याची आई विमलाबाई, शाळेत बाई हायत. त्यांनी विचारलं, मुलीचा भाऊ काय करतो? तर तू म्हणालीस, इटलीच्या कंपनीत असतो. हे तुला गल्लीनं सांगितलं, गल्लीला अमरसिंहनं, आणि अमरसिंहला मी.

तू बरोबरच सांगितलेस. ते खरेच आहे. साखरपुड्याला तुझ्या हातात आमच्या दुकानातली पिशवी असेल. विटकरी रंगाची आहे, वर दोन बंद आहेत. सिनेमातल्या बायका धरतात तशी.

बघ तू.

तुझा
मोहित


गुडगाव
५ जानेवारी

अक्का,

तुझं पत्र पोचलं. अप्पांनी माझं पत्र ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पोतं घडी करून खाली घेतलं, हे तू लिहिलंस. तेवढी ओळ मी खोलीतल्या बिहारी भावाला हिंदीत करून सांगितली. तो म्हणाला, इसमें क्या है? त्याला काय सांगणार.

विमलाबाईंचंबी वाचलं. घरात शिरल्या शिरल्या पदर नाकाला लावला आणि मग दाखवायला नको म्हणून त्याच पदरानं घाम पुसला. डिसेंबरात घाम. आई बिचारी पंखा लावायला उठली! हे वाचून मी हसलो आणि मग माझं मलाच कसंतरी झालं. नाकाला पदर लावणारी ती एकटी न्हाय की. त्यांच्या आज्जेसासऱ्यानं कातडं कापायची रापी खाली ठेवली, तेव्हापासनं त्या घरात कातड्याचं कोण नाव काढत न्हाय म्हणतीस. आणि साखरपुड्याला आपल्या घरच्या कारखान्यात चपलांचा ढीग दिसू नये, तो मागच्या खोलीत ढकला, असं आईला बाजूला घेऊन सांगून गेल्या. अप्पांनी ऐकलं का हे? ऐकलं असंल. त्यांना ऐकायला नको असतं तेच आधी ऐकू जातं.

पिशवीचे काम झालेले आहे. म्हणजे साहेबांनी माझ्या नावाने बाजूला काढून ठेवली आहे. फक्त खोका मिळणार नाही, खोक्याचा नियम वेगळा आहे.

आता जरा दुसरं. आमच्या एका गिऱ्हाइकाला माहिती पाहिजे आहे. अप्पांना सहज विचारल्यासारखं विचार. दोऱ्याला लावायचं मेण असतं त्यात ते राळ किती घालतात? माझ्या मेणाचं तुकडं पडाया लागलंय. म्हणजे गिऱ्हाइकाच्या. आणि कातडं जर लई मऊ असंल, बसायच्या जागेचं असतं तसं, रापीखाली सरकत असंल, तर काय करायचं? पाण्याचा हात फिरवायचा का कोरडंच कापायचं? इटलीच्या लोकांना हल्ली असल्या गोष्टींची आवड आहे.

विचारून लगेच लिही. गिऱ्हाईक घाईत आहे.

मोहित


गुडगाव
२ फेब्रुवारी

ती. अप्पा, आई, आणि अक्का,

सोबत पिशवी पाठवत आहे. ती इटलीमध्ये हाताने शिवलेली आहे. तिथे कारागीर फार मोठे आहेत. अशी पिशवी आपल्या भागात कोणाकडेच नाही.

आत पुठ्ठा असल्यासारखा लागेल, तो पुठ्ठा नाही, तशी त्यांची पद्धत आहे. कंपनीच्या फोटोत बघशील त्यापेक्षा ही जरा लहान वाटेल. कंपनी लहान मापाचीही काढते. कंपनीचे नाव त्यांनी या वर्षीपासून लावायचे बंद केले आहे.

वास आला तर उन्हात ठेव. जास्त ठेवू नको. पावसात तर अजिबातच नेऊ नको, आपल्याकडं साखरपुडा उन्हाळ्याच्या तोंडावर हाय ते एक बरं हाय, गगनबावड्याकडची, धो धो पावसातली सोयरीक असती तर माझं काय खरं नव्हतं.

अक्का, हातात घेऊन आरशात बघ. कसं दिसतं ते लिही. खरंच लिही. तुला आवडली पाहिजे. माझी बोटं

(पुढचं खोडलंय, ते उजेडात धरून वाचू नको.)

आता हे मनात वाच. अप्पांना दाखवू नको. म्हणजे दाखव, पण हातात देऊ नको. लांबनं दाखव.

मोहित


गुडगाव
२० फेब्रुवारी

अक्का,

हे पत्र मोठ्यानं वाचायचं न्हाय. एक ओळसुद्धा न्हाय. अप्पा समोर असतील तर माडीवर जा. माडी न्हाय आपल्याला, तर आंघोळीला जा.

तुझं पत्र आलं तेव्हा मी जेवत होतो. ताट तसंच राहिलं.

तू लिहिलंस की पिशवी लांबनं दाखवावी म्हणून तू उंबऱ्यात उभी राहिलीस, तर अप्पांनी नुसता हात पुढं केला. रापी खाली ठेवून केला, म्हणून द्यावी लागली. त्यांनी आधी पिशवी नाकाला लावली. मग बुडाला बोट घालून दाबलं. मग दोन्ही बंद एकावर एक धरले आणि तसंच बघत बसले. आई म्हणाली, "अवो, इटलीची हाय ती, मळंल." तर म्हणाले:

"इटलीच्या बाईला दोन हात असत्यात का दोन पाय?"

आई म्हणाली, "म्हंजे?"

"म्हंजे हिला डावा-उजवा हाय. ह्यो बंद डाव्या पायाचा, ह्यो उजव्या पायाचा. पिशवीला डावं-उजवं कशाला लागतंय? फर्मा उलटून कापलाय त्यानं. चपलंचा जोड कापतोय तसा. ही चपला करणाऱ्याच्या घरात शिवलीया."

आणि मग उठून आत गेले आणि पाणी प्याले.

अक्का, मी इथं उठून पिशवीचा उरलेला तुकडा काढला आणि ज्या पुठ्ठ्यावरनं बंद कापले तो फर्मा धरून बघितला. खरं हाय. त्या दुकानातल्या पिशवीचे दोन्ही बंद एकसारखे, एकाच अंगाला वळलेले. मी पहिला कापला, आणि दुसरा कापताना हातानं फर्मा आपोआप उलटा केला. मी केला न्हाय, हातानं केला. लहानपणापासनं चपलांचे दोन बाजूचे कान कापून दिलेत ना अप्पांना, एक सुलटा, एक उलटा. मला वाटलंतं ते सगळं मी गटारात टाकून आलोय.

आणि तू लिहिलंस ते दुसरं. त्या दिवशी तू माझी सगळी पत्रं काढून बसलीस. "मोहित, तुझं खोटं ओळखाया येतं. खोटं असलं की तू आहे-नाही लिहितोस, शाळेतल्या बाईंपुढं उभा असल्यासारखं. खरं असलं की हाय-न्हाय येतं." मी आठवीत शाळा सोडली, मला वाटलं शुद्ध लिहिलं की कुणालाबी खरं वाटतंय.

तर आता हाय-न्हायमध्ये लिहितो.

मी त्या दुकानात न्हाय. दुकानाच्या बाहेर हाय. मॉलची फरशी पुसायचं काम हाय, आणि त्या दुकानाची काच बाहेरनं पुसायची. आतनं पुसायला त्यांचा माणूस येगळा हाय. करड्या रंगाचा युनिफॉर्म आणि टोपी. आत जायला मला बंदी हाय, तशी पाटी न्हाय, पण हाय.

पिशवीचं माप मी काचेवरनं घेतलं. फडकं फिरवताना वीत धरायची, पुढच्या फेरीला पुन्हा धरायची. काचेपलीकडची वस्तू लांब असती म्हणून लहान दिसती, हे डोक्यात आलं न्हाय. म्हणून तुझी पिशवी तिच्या धाकट्या बहिणीएवढी निघाली.

मोबाइलवर एक गोरा माणूस हातानं पिशवी शिवून दाखवतो. कपडे लई स्वच्छ. गुडघ्यात लाकडाचा चिमटा धरतो आणि एका भोकातनं दोन सुया घालतो, एक इकडनं, एक तिकडनं. म्हणतो की ही कला शिकायला वर्षं जातात. मी म्हटलं, अरे, आमचं अप्पा हेच गुडघ्यात धरून करतात, चिमट्याबिगर, आणि वर विडी ओढत. मी मोठ्यानं हसलो. खोलीतल्या पोरांनी विचारलं, क्या हुआ? मी म्हटलं कुछ नहीं. अप्पांचं नाव घ्यायची चांगली जागा होती ती, आणि मी म्हटलं कुछ नहीं.

सुट्टीच्या दिवशी गच्चीवर उन्हात बसून शिवली. टाके सारख्या अंतरावर पडावेत म्हणून जेवायच्या काट्यानं कातड्यावर टोचत गेलो. कडा मेणबत्ती घासून जुन्या फडक्यानं चोळल्या. आत चपलांच्या, चुकलो, बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा घातला. कडी आठवडी बाजारातल्या जुन्या पर्सची. इटलीचं नाव कोरणार होतो, पण स्पेलिंग जमंना. नाव न लावण्याचं खरं कारण ते हाय, इमानदारी न्हाय.

कातडं कुठलं ते लिहायला हात होत न्हाय. लिहितो. मॉलमध्ये लोकांना बसायला सोफे होते, त्यातला एक फाटला म्हणून टाकून दिला. त्याच्या पाठीचं चांगलं राहिलेलं कातडं मी सोडवून घेतलं. पाठीचं हाय, बसायचं न्हाय, एवढं तरी मान. अक्का, तुझ्या साखरपुड्याची पिशवी सोफ्याची हाय.

आणि तो सोफा कुठला, तर ऐक.

दिवाळीत एक जोडपं आलं, आपल्याकडचंच, बोलण्यावरनं कळलं. बाई त्या सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "बघा की ओ, चपलंचा अंगठाच निघाला."

नवरा म्हणाला, "म्हटलंतं बूट घाल. इमानात बसून आलीस आणि चप्पल घालून आलीस."

"मग काय झालं? कोल्लापूरची हाय. तुमच्या बुटापेक्षा भारी हाय."

"भारी हाय तर निघाली कशी?"

"तुमच्या मागं पळून पळून निघाली. आता काय अनवाणी हिंडू? विचारा की त्या पोराला."

त्या पोराला म्हणजे मला. मी तिथंच फरशी पुसत होतो. चप्पल माझ्या डोळ्यापुढं होती. पट्ट्यावरच्या कातडी वेणीचं शेवटचं टोक अप्पा खालून आत घेतात, वर सोडत न्हाईत, तसंच घेतलेलं. कदाचित अप्पांचीच असंल, कदाचित नसंल. एक दाभण असता तर बाईचं पाणी पिऊन होईस्तवर अंगठा बसवून दिला असता. माझ्या खिशात चावीच्या कडीला दाभण होता, अक्का. मी तो का जवळ ठेवतो मला माहीत न्हाय.

बाई म्हणाली, "भैया, यहाँ चप्पल सीनेवाला कोई मिलेगा?"

मी म्हटलं, "नहीं मालूम मॅडम."

मराठी कळतच न्हाय असं तोंड केलं. सुपरवायझर बघत होता, खालच्या दुकानातली पोरं बघत होती. ह्या सगळ्यांपुढं खाली बसायचं, कुणाची तरी चप्पल मांडीवर घ्यायची, आणि मग ह्यांना कळणार मी कुणाचा. बाई उठली. एक चप्पल पायात, एक हातात. मी नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवरनं गेली. एका पायाचा ठसा उठत गेला, अनवाणी पायाचा, लिफ्टपर्यंत. ते ठसे मी पुसले. कामच हाय माझं ते.

हे सगळं तुला सांगितलं. आता माझं एक काम कर. तू लिहिलंस की विमलाबाईंनी पिशवी बघितली आणि हातातनं सोडीनात. तशीच एक त्यांनाबी पाहिजे, भाऊ दुकानातच हाय तर आणंल, रविवारी बैठकीला येऊ तेव्हा सांगा म्हणाल्या. नाकाला पदर लावणाऱ्या बाईला कातड्याचीच पिशवी आवडली, लांबनं आली म्हणून. तर त्यांना सांग, ती पिशवी कंपनीनं बंद केली. एवढंच सांग. एवढं एक खोटं माझ्यासाठी बोल. साखरपुडा होऊन जाऊ दे, मग बघू. खरं कळलं आणि ठरलेलं मोडलं तर मी कुठल्या तोंडानं

तू समजून घे.

मोहित


गुडगाव
५ मार्च

अक्का, हे पत्र सगळं मोठ्यानं वाच. आवाज चढवून वाच. अप्पा, आई आणि कुरुंदवाडचं पावणं, सगळे बसले की मगच फोड. मनात वाचायचं ह्यात काय न्हाय.

तू लिहिलंस: "मी तुझं खोटं डोक्यावर घेऊन त्या घरात जाणार न्हाय. पृथ्वीराजला मी सांगितलं. तो आधी हसला, मग म्हणाला, आईला मी सांगणार न्हाय आणि तू पण सांगू नको, जो खोटं बोललाय त्याला सांगू दे. बैठक पुढं ढकललीया. तोवर तुझं पत्र आलं पाहिजे. न्हाय आलं तर मी ती पिशवी घेऊन बसणार न्हाय आणि साखरपुड्यालाबी बसणार न्हाय."

म्हणून लिहितोय. ह्यात आहे आणि नाही शोधून सापडायचं न्हाय.

विमलाबाई, नमस्कार. मी मुलीचा भाऊ मोहित. मी इटलीच्या कंपनीत न्हाय. मॉलची फरशी पुसतो. त्या पिशव्यांच्या दुकानाची काच बाहेरनं पुसतो. तुम्हाला आवडलेली पिशवी मी घरी शिवली, म्हणजे खोलीच्या गच्चीवर, टाकून दिलेल्या सोफ्याच्या कातड्याची. स्नेहलअक्काला ह्यातलं काही माहीत न्हवतं. तिनं तुम्हाला सांगितलं ते मीच गल्लीतनं तिच्या कानावर घातलेलं. अप्पांनी तर इटली हा शब्दसुद्धा तोंडातनं काढला न्हाय, एकदा सोडून, आणि ते तुम्ही त्यांनाच विचारा.

तुमच्या घरात रापीचं नाव काढत न्हाईत म्हणून मला कळलं. मी तुम्हाला नाव ठेवत न्हाय. मीबी काढत नव्हतो. मी तर आपल्याच मुलखातल्या बाईला अनवाणी जाऊ दिलं, ते अक्काला माहीत हाय, तिनं सगळ्यांना सांगितलं तरी चालंल. तुम्ही पदर नाकाला लावलात, मी दिल्लीपर्यंत पळालो. पळण्यात मी तुमच्या पुढं हाय.

पिशवी आवडली तेव्हा ती लांबची होती. आता ती कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या चपला करणाऱ्याच्या पोराची झाली. तरीबी आवडती का, ते तुम्ही ठरवा. न्हाय आवडली तर पिशवीला न्हाय म्हणा, अक्काला म्हणू नका. ती पिशवीपेक्षा लई चांगली शिवलेली हाय, आईनं आणि अप्पांनी शिवलीया, तिच्यात कुठं पुठ्ठा न्हाय.

आणि खरंच तशी पाहिजे असंल तर मिळंल. दुकानातनं न्हाय. ह्या खेपेला सोफ्याचीबी न्हाय. वेळ लागंल.

आता अप्पा.

अक्काच्या पत्राबरोबर पुडकं आलं. मला वाटलं तिनं चिवडा धाडला. उघडलं तर वर मेणाचा गोळा, राळ घातलेला, आणि त्यावर तुमच्या अंगठ्याचा खळगा. गिऱ्हाइकाचा प्रश्न तुम्ही तेव्हाच ओळखलासा तर. मेणाखाली पुठ्ठ्याचा फर्मा. बंदाचा. माझ्या वाकड्या बंदावरनं सरळ केलेला, कड कुठं जाड ठेवायची त्याची रेघ आतनं ओढलेली.

मी तो हातात घेतला आणि सवयीनं उलटा केला, तर मागची बाजू काळी. बूट पॉलिश चोळून काळी केलेली. आधी कळंना. मग कळलं.

विमलाबाई, तुम्हाला म्हणून सांगतो. आमच्या घरात कुठल्याच फर्म्याला बाजू नसती. डाव्याला सुलटा ठेवायचा, उजव्याला उलटा. अप्पांनी आयुष्यभर असलेच फर्मे कापले, त्यांच्या बानंबी तसलेच. हा पहिलाच, ज्याला एक बाजू वर आणि एक खाली. काळी बाजू आली की समजायचं, हात चुकाया लागलाय. अक्का लिहिती, अप्पांनी तो कापला, पुडकं तिच्याकडं सरकवलं आणि म्हणाले, "एकटं कधी काय केलंय आपण? जोड लागणारच की. त्या बाईची पिशवी करू दे त्याला."

परवा सुट्टीला गच्चीवर न जाता खोलीतच बसलो. पोरं बघत होती. बिहारी भावानं विचारलं, ये काम कहाँ सीखा? मी म्हटलं, बापसे. घर में. मग तो उठला आणि त्याच्या बॅगेचा तुटलेला पट्टा माझ्या मांडीवर टाकला. म्हणाला, पहले क्यूँ नहीं बोला बे? मी पट्टा शिवला.

अप्पा, आवाज ऐकवू नको म्हणालासा, मी ऐकवला न्हाय, हा अक्काचाच हाय. तोंड दाखवू नको म्हणालासा, तेबी पाळलं. पण तुम्ही फर्मा पाठवलासा. मला काय कळत न्हाय, आठवीतनं सुटलोय, पण फर्मा पाठवणं म्हणजे बोलणंच, असं मी धरून चाललोय. चुकीचं धरलं असंल तर फर्मा माघारी मागा.

मागा की अप्पा. टपालानं पाठवणार न्हाय. मी घेऊन येतो.

मोहित